पाच परस पाण्यातलं जहाज

समुद्रात बुडालेलं जहाज पसंत करायला मी घरातून निघालो, तेव्हा आटपाडीच्या एस.टी. स्टँडवर शेजारच्या गावचा एक पाव्हणा भेटला. "आप्पा, कुनीकडं?" म्हणाला. मी म्हटलं, "जहाज बघायला." "इकत घ्यायचं हाय?" "न्हाई. बुडालेलं हाय. मीच खाली जाऊन बघून येनार." पाव्हण्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पिशवी उचलली आणि दोन बाकडी सोडून पलीकडे जाऊन बसला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर तीन बाकडी सोडली असती.

संशय हा माझा धंदाच. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, वडिलांनी थोडी शेती केली आणि मी आमच्या भागातल्या निम्म्या घरांप्रमाणे गलाईच्या कामाला परमुलखात गेलो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. केरळातल्या एका बंदराच्या गावात सव्वीस वर्षं माझं दुकान होतं. समोर माणूस बसलेला असतो, बांगडी त्याच्या आईची असते, डोळ्यांत पाणीही असतं. तरी दगडावर घासल्याशिवाय आणि तेजाबाचा थेंब टाकल्याशिवाय मी कधी कुणाच्या बांगडीला सोनं म्हटलं नाही. त्या सव्वीस वर्षांत समुद्र दुकानापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होता. मी गुडघ्याच्या वर भिजलो नाही.

माझी मुलगी अश्विनी मात्र त्या पाण्यातच वाढली. आता ती सत्तावीस वर्षांची आहे आणि कोकणच्या किनाऱ्यावर लोकांना स्कूबाला नेते, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली हिंडवून आणते. किनाऱ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की आमची पाव्हणेमंडळी मुलाबाळांसकट तिच्या दारात उभी राहतील. दोन वर्षं मी तोंड दाबून बसलो. मग माझ्या धाकट्या भावानं सांगलीत एका ओळखीच्या कचेरीत तिच्यासाठी जागा बघितली, आणि मी फोन करून सांगितलं, आता पुरे झालं, घरी ये.

ती भांडली नाही. तिथंच मला पहिला संशय आला.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमी एकदा माझ्यासंगं खाली उतरा. एक बुडालेलं जहाज डोळ्यांनी बघा. बघून वर आल्यावरसुद्धा नको म्हणालात, तर मी काम सोडून सांगलीला येते."

"आन उतरलो, पन जहाज दिसलंच न्हाई, तर?"

"तर मी हरले."

"जहाज कोन निवडनार?"

"तुमीच निवडा. दोन हायत इथं नवख्या माणसाजोगी."

एवढा मोकळा सौदा मी आयुष्यात बघितलेला नव्हता. ज्याचा माल चोख असतो तो असा बोलतो, आणि ज्याला ठकवायचं असतं तोही असाच बोलतो.

तिनं फोनवर दोन्ही जहाजांची माहिती पाठवली. पहिलं मासेमारीचं जुनं जहाज, खडकाच्या कडेला फुटून पडलेलं, पाच परस पाण्यात. दुसरी बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी बुटकी बोट, बेटाच्या आडोशाला वाळूवर सरळ उभी, सात परस पाण्यात. परस म्हणजे आमच्या विहिरींचं माप, उभ्या माणसाएवढं, साधारण पाच-साडेपाच फूट. तिनं मीटर लिहिले होते, परस मी केले. तिनं खाली लिहिलं होतं, "नवख्याला दुसरं बरं." सोबत दोन्हींचे व्हिडिओ होते. दुसऱ्याचं पाणी इतकं स्वच्छ, की बोटीवर बसलेले शिंपले मोजावेत. मी मनात म्हटलं, दागिना दाखवताना दुकानदार दिवा कुठं धरतो, ते आम्हाला शिकवू नका.

खात्री करायला आमच्या माणसांना फोन लावले. गलाईवाल्यांचं हे एक सुख आहे, हिंदुस्थानच्या कुठल्याही बंदरात आपल्याकडचा एक जण सापडतोच. मंगळूरवाला म्हणाला, त्या कोकणात कशाला जातोस, आमच्याकडचं जहाज लय भारी. कोचीवाला म्हणाला, मंगळूरचं काय सांगतोस गड्या, आमच्या समुद्रात ये. पुदुच्चेरीवाला म्हणाला, जहाज कसलं बी असू दे, जेवायला घरीच यायचं. तिघांपैकी एकानंही पाण्यात कधी डोकं बुडवलं नव्हतं. तेव्हा ठरवलं, स्वतः हिंडून चौकशी करायची.

कुपवाड

पहिला मुक्काम कुपवाडला, आण्णासाहेबांकडे. हे जैन गृहस्थ माझे जुने स्नेही. त्यांची शेती सांगलीजवळ आणि औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना, तिथं गॅसच्या टाक्या दाब देऊन तपासतात. मी पोचलो तेव्हा सकाळची पाळी सुरू होत होती आणि दुचाक्यांच्या गर्दीत एकानं माझ्या पायावरून चाक नेलं. त्यानं माफी मागितली, चहाही पाजला. समुद्रात जाण्याआधीच लंगडत चाललो होतो.

आण्णासाहेबांनी मला एक टाकी दाखवली. ती हवा भरून तपासत नाहीत, पाणी भरून तपासतात. टाकी फुटलीच तर पाणी नुसतं सांडतं. हवा असेल तर भिंत घेऊन जाते. टाकीच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, तीही त्यांनी बोटानं चाचपायला लावली.

"आप्पा, तुमी तारीख बघा आन गप बसा," ते म्हणाले. "टाकी दगा देत न्हाई सहसा. मानूस देतोय."

"कंचा मानूस? नेनारा का जानारा?"

"ते तुमीच बघा की," म्हणून ते हसले.

सूर्य मावळायच्या आत त्यांच्या घरी जेवायला बसलो. आमच्याकडे दिवेलागणीनंतर चूल पेटते, इथं तोवर भांडी घासून पालथी पडलेली असतात. कांद्याशिवाय वांग्याची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दाट दही. आण्णासाहेबांच्या बाईंनी विचारलं, पोरगी एवढी शिकली ती लोकांना पाण्यात बुडवायला का? मला बरं वाटलं. निदान एक तरी माणूस माझ्या बाजूचं निघालं. पण जाताना त्याच बाईंनी अश्विनीसाठी लाडवांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तिला सांगा, भ्यायचं न्हाई." तेव्हा माझा त्यांच्यावरचाही विश्वास उडाला.

कोरेगाव

पुढं कोरेगाव. साताऱ्याकडच्या गावात फौजी शोधावा लागत नाही, पण मला नौदलातला हवा होता, आणि तोही पाणबुड्या. असे एक नाना कोरेगावजवळ सापडले. नोकरीतून सुटून आले ते थेट शेतात. वय पासष्टच्या पुढं, पाठ सरळ, आणि आवाज असा की शेजारच्या रानातली माणसं आपल्यालाच हाक मारली समजून वळून बघतात.

रानात राजमा काढणं चालू होतं. त्याला तिथं घेवडा म्हणतात. त्याची आमटी आणि भात त्यांच्या सुनेनं वाढला. आमच्याकडची आमटी तिखटानं घाम काढते. ही गोडसर, सावकाश पोटात उतरणारी. मी तीनदा घेतली आणि मग कागद काढला.

"नाना, दोन जहाजं हायत. एक पाच परस, एक सात परस."

"खोली इचारू नगा," नाना म्हणाले. "कसं पडलंय ते इचारा. सरळ उभं हाय का आडवं? वरनं छप्पर येतं का? कुठनंबी सरळ वर येता येतं का? जाळी अडकल्यात का? आन मेन म्हंजे, तिथलं पानी उभं ऱ्हातं का चालतं?"

"पानी चालतं म्हंजे?"

"आवं, तुमची हीर न्हवं ती. समुद्राचं पानी आडवं चालतं. उथळ जागंला खडकाजवळ तर लय. मी तुमच्या जागी असतो तर सात परसाचं धरलं असतं."

मी कागदावर लिहून घेतलं. माणूस जाणता होता, शंकाच नाही. मग सहज बोलता बोलता ते म्हणाले, "पोरगी हुशार हाय तुमची. परवा फोनवर लय बोललो आमी."

माझा हात लिहिता लिहिता थांबला. विचारल्यावर कळलं, नानांचा पत्ता मला ज्या फौजी ओळखीच्यानं दिला होता, त्याला तो दिला होता अश्विनीनं. म्हणजे साक्षीदार आरोपीनंच आणून उभा केलेला. सगळे एकाच माळेचे मणी! घेवड्याची आमटी मला तिथंच जड झाली. मी नानांना नमस्कार केला, त्यांनी दिलेली घेवड्याची पिशवी घेतली आणि परतीच्या एस.टी.त बसलो. दहिवडीच्या अलीकडे पिशवी फुटली. अख्ख्या गाडीतली माणसं वाकून माझे दाणे वेचत होती, आणि मी बाकाखाली डोकं घालून विचार करत होतो, की पोरीनं दुसऱ्या जहाजासाठी एवढी माणसं का पेरली असतील.

म्हसवडला उतरेपर्यंत माझा निर्णय झाला. पाच परस. आमच्या कोरड्या मुलखात पाण्याची भीती एकाच मापानं मोजतात. विहीर बघायला गेलं की पहिला प्रश्न, किती परस पाणी? तीन असेल तर पोहायला सोडतात, सहा असेल तर म्हाताऱ्या ओरडतात. आमचं पाणी जागच्या जागी उभं असतं, त्याला खोली सोडून दुसरा अवगुण नाही. सात परसापेक्षा पाच परस बरं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं, मग नौदलाच्या माणसाला का कळू नये? मी अश्विनीला कळवलं. ती एवढंच म्हणाली, "बरं. निवड तुमची."

समुद्रावर

मार्गशीर्षात तिच्याकडे गेलो. ती राहते ते घर माडांच्या आत, दोन खोल्यांचं. भावाच्या वर्णनावरून मी झोपडी समजून गेलो होतो. पहिल्याच दुपारी बांगड्याचं सार आणि भात पुढं आला. आमच्याकडे भात शेवटी येतो, तोही पोटात जागा उरली तर. इथं भातानंच सुरुवात आणि भातानंच शेवट. मी भाकरी आहे का विचारलं. तिनं तांदळाची काढून दिली. ती पांढरी भाकरी उलटसुलट करून मी बराच वेळ बघत बसलो.

तीन दिवस तिनं मला पोहण्याच्या तलावात आणि किनाऱ्याजवळच्या वाळूवर शिकवलं. नळीतून श्वास कसा घ्यायचा, तोंडावरच्या काचेत पाणी शिरलं तर कसं काढायचं, नाक दाबून हळू फुंकून कान कसे मोकळे करायचे. अंगठा आणि पहिलं बोट जुळवलं की "ठीक आहे". अंगठा वर केला की "वर चला". लहानपणी मी विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो होतो, त्यामुळं पाण्याची भीती नव्हती. पण तिची शिकवण्याची तऱ्हा बघून मला आतून चुकल्यासारखं होत होतं. ती माझ्याशी माझी मुलगी म्हणून बोलतच नव्हती.

"आप्पा, एक अट," चौथ्या सकाळी होडीत बसताना ती म्हणाली. "जहाज तुमी निवडलं, माझी ना न्हाई. पण पाण्यात अंगठा कुणाचा बी वर गेला, की दोघांनी वर यायचं. का म्हणून इचारायचं न्हाई."

"ठीक."

मी टाकीच्या खांद्यावरची तारीख बघितली. हवा नाकाशी धरून हुंगली. पट्टे ओढून बघितले. ती शांतपणे उभी होती. माझं झाल्यावर तिनं तेच सगळं पुन्हा स्वतः तपासलं, माझं आणि तिचंही. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्हातारा, खडकाकडच्या पाण्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. मी विचारलं तर म्हणाला, आज जरा हलतंय. मी ठरवलं, हाही तिच्याच गोतावळ्यातला.

तिनं मला शेवटचं विचारलं, "बेटाआड जायचं का? तिकडं पाणी निवांत हाय."

"पाच परस," मी म्हणालो.

दोरी धरून उतरायला लागलो. वरचा आवाज बंद झाला आणि माझाच श्वास कानात मोठा झाला. पाणी हिरवं, पिठूळ होतं. दोन परसांवर उजव्या कानात कुणी दाभण खुपसल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं. डावा मोकळा झाला, उजवा नाही. ती माझ्यासमोर होती. तिनं बोटं जुळवून विचारलं, ठीक आहे?

आणि मी बोटं जुळवून दाखवली, ठीक आहे.

का दाखवली, ते मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. एवढ्या लांब येऊन कानासाठी परत फिरायचं मला शोभेना. शिवाय तिच्यापुढं कच्चं दिसायचं नव्हतं. सव्वीस वर्षं खोटं पकडून पोट भरलेल्या माणसानं पाण्याखाली, पोटच्या पोरीला, तोंडावर खोटं सांगितलं.

आणखी खाली गेलो. आता पाणी चालायला लागलं. एकदा डावीकडे नेई, एकदा उजवीकडे आणून टाकी. सुपात पाखडावं तसं चाललं होतं. दोरी हातातून निसटायला बघत होती. वाळू उठलेली, पाच-सहा हातांपलीकडचं नीट दिसत नव्हतं. नानांचं "पानी आडवं चालतं" मला तिथं कळलं, फुकट सांगितलेलं होतं ते विकत घेऊन कळलं. उजव्या कानाची कळ दातांपर्यंत आली होती. मी खाली न बघता दोरीकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, थोडंच राहिलं.

अश्विनी थांबली. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि प्रश्नासारखी मान हलवली. मी पुन्हा बोटं जुळवली. तिनं बोटांकडे बघितलंच नाही, काचेतून माझ्या डोळ्यांकडेच बघत राहिली. मग तिनं अंगठा वर केला. मी मान हलवली, खाली बोट दाखवलं. तिनं माझ्या अंगावरचा पट्टा मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं अंगठा पुन्हा वर केला.

ती मूठ मी विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता, विनवणी नव्हती. आम्ही वर आलो, तिच्या गतीनं, अगदी सावकाश.

होडीत काच काढली तर आत नाकातलं रक्त होतं, चमचाभर. कान बहिरा झाला होता. तांडेलानं पाणी दिलं. अश्विनीनं माझं डोकं धरून विजेरीनं कानात बघितलं, नाक पुसलं, दवाखान्याला फोन करून ठेवला. सगळं झाल्यावर ती होडीच्या कडेला जाऊन बसली आणि तिचे खांदे खाली आले.

"आता पुन्ना कवा उतरायचं?" मी विचारलं.

"आता न्हाई. कान बरा झाल्याबिगर तुमाला कुणी पाण्यात नेणार न्हाई. मी तर न्हाईच." मग समुद्राकडे बघत म्हणाली, "ठरलं होतं तसं झालं, आप्पा. तुमी जहाज बघितलं न्हाई. मी हरले. महिनाअखेर सोडते काम."

मला आधी नीट कळलंच नाही. मग विचारलं, "अशे, तुला दिसत हुतं जहाज?"

"व्हय. तुमच्या पायाखाली होतं. दोन हातांवर. मान खाली घातली असती तरी दिसलं असतं."

दोन हात. तिनं मला फक्त खांद्याला धरून वाकवायचं होतं. एका क्षणात तिचं हरणं टळलं असतं. माझा कान गेला असता तर गेला असता, दोष माझ्या हट्टाचा होता, आणि बोटं मीच जुळवली होती. मूठ आवळताना तिला हे सगळं माहीत होतं. मला लाज वाटली, चारचौघात वाटावी तशी. आणि अभिमानही वाटला. मी तिच्या कामावर संशय घेत दोन जिल्हे पालथे घातले, आणि पाण्यात माझ्यावर संशय घेणारी ती एकटी होती, म्हणून मी धड वर आलो.

होडी किनाऱ्याला लागल्यावर तिनं मला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा शाबूत आहे, महिनाभर पाण्यात उतरू नका. बाहेरच्या बाकावर बसून मी सांगलीला भावाला फोन लावला. अश्विनी शेजारी उभी होती, माझी औषधं पिशवीत भरत.

"त्या कचेरीवाल्यांला सांग, जागा दुसऱ्या कुनालातरी द्या," मी म्हणालो. "आमची पोरगी येत न्हाई. तिला हितं काम हाय."

पिशवी भरणारे हात थांबले.

भाऊ पलीकडून ओरडत होता, दादा, ठरलेलं काय आणि बोलतोस काय. मला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून फोन डाव्या कानाला लावला. शेवटी तो म्हणाला, "बरं, ते ऱ्हाऊ दे. मग तू तरी घरी कवा येतोस?"

मी अश्विनीकडे बघितलं. तिनं औषधांची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली होती.

"थांब," मी भावाला म्हणालो, "तिला इचारून सांगतो."